ओल एव्हिनरूड : होडीला मापाचे यंत्र देणारा माणूस

आपल्या वार्षिक अंकात दरवर्षी एक-दोन थोरांची चरित्रे असतातच. संत, समाजसुधारक, कवी आणि सेनापती यांच्याविषयी आपण आवडीने लिहितो आणि तितक्याच आवडीने वाचतो. यंदा मी मात्र एका यंत्रकारागिराचे चरित्र लिहायला घेतले आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण माझ्या घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी चालत आली आहे, आणि खाडीत होडीच्या मागच्या फळीला यंत्र लावून जाणारा प्रत्येक माणूस ज्याच्या ऋणात आहे, त्याचे नाव आमच्या बंदरावर कोणालाच ठाऊक नाही, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकत होती. तो माणूस म्हणजे ओल एव्हिनरूड.

ओलचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेमधल्या यॉव्हिकजवळ झाला. तो चार-पाच वर्षांचा असतानाच त्याच्या आईवडिलांनी मायदेश सोडला आणि अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, केंब्रिज नावाच्या गावाजवळ, रिप्ली सरोवराच्या काठी शेती धरली. वडील जमिनीवर जीव लावणारे, तर आईच्या माहेरची माणसे दर्यावर्दी. मुलाने शेतकरी व्हावे ही वडिलांची इच्छा. मुलाचे डोळे मात्र सतत पाण्याकडे. त्याने चोरून बांधलेली पहिली होडी वडिलांनी मोडून टाकली आणि मग त्याने दुसरी होडी सुटे भाग लपवून ठेवत पुरी केली, अशी हकीकत सांगतात. आपल्याकडेही कितीतरी घरांत हा झगडा चालतो; फक्त आमच्याकडे तो उलटा असतो. बाप दर्यावरचा असतो आणि मुलाने नोकरी धरावी म्हणून धडपडतो.

शाळा ओलच्या वाट्याला फारशी आली नाही. सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरात गेला. दिवसा यंत्रांच्या कारखान्यात काम आणि रात्री यंत्रशास्त्राची पुस्तके, असा त्याचा क्रम होता. पुढे पिट्सबर्ग, शिकागो, मिलवॉकी अशा शहरांतून त्याने हात तयार केला. १९०० साली एका भागीदाराबरोबर त्याने मागणीनुसार इंजिने बनवून देण्याचा छोटा धंदा काढला. माणूस अंगापिंडाने दणकट, पण अबोल. हिशेब आणि पत्रव्यवहार म्हटले की त्याच्या अंगावर काटा येई. तेव्हा शेजारी राहणारी बेस कॅरी नावाची मुलगी त्याच्या मदतीला आली. ती व्यापारी शिक्षण घेत होती. तिने त्याची पत्रे लिहिली, हिशेब नीट लावले, आणि १९०६ साली ती दोघे विवाहबद्ध झाली.

याच सुमाराची आइस्क्रीमची गोष्ट प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यातल्या एका दिवशी मंडळी मिलवॉकीजवळच्या ओकॉची सरोवरावर सहलीला गेली होती. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओल वल्ही मारीत पलीकडच्या काठावर गेला, आइस्क्रीम घेऊन परत निघाला, पण तो परत पोचेपर्यंत त्याचे पाणी झाले होते. अशा कथांना सांगणाऱ्यांच्या तोंडून थोडे पाणी चढतेच. तरी तिच्यातले मर्म खरे आहे. लहान होडीला लहान यंत्र हवे, हा विचार त्याच्या मनात तेव्हापासून घर करून बसला.

होडीच्या मागे अडकवायचे यंत्र करणारा ओल हा पहिला नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. त्याच्या आधीही काहींनी तसे प्रयत्न केले होते. कॅमेरॉन वॉटरमन या अमेरिकन माणसाचे यंत्र तर बाजारातही आले होते. पण ओलने केलेली रचना टिकली. सिलिंडर आडवा, मुख्य दांडा उभा, वर गतिचक्र, खाली लांब नळीतून जाणारा दांडा, त्याच्या टोकाला दातेरी चाके आणि पंखा. हा सांगाडा पुढे सगळ्यांनीच उचलला. पोलाद आणि पितळ यांचे हे यंत्र पाहून बेसला प्रथम कॉफी दळण्याच्या यंत्राची आठवण झाली म्हणतात. मिलवॉकीच्या किनिकिनिक नदीवर त्याची चाचणी झाली, आणि १९११ साली त्याला पेटंट मिळाले.

आता त्या यंत्राचे माप पाहा. शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो. आजच्या दृष्टीने हे खेळणेच. पण सतत वल्ही मारणारा माणूस फार तर एक दशांश अश्वशक्ती देतो. म्हणजे दहा-पंधरा माणसांचे बळ ओलने एका माणसाला उचलता येईल अशा वस्तूत भरले. त्याला पाण्यावर शर्यत करायची नव्हती. साध्या वल्ह्याच्या होडीला जेवढे सोसेल आणि एका माणसाला जेवढे पेलेल, तेवढेच त्याने दिले. मला त्याचे मोठेपण इथे दिसते.

धंदा मात्र उभा केला तो बेसने. वल्ही फेकून द्या, असे सांगणारी जाहिरात तिने लिहिली आणि मागण्यांचा पूर लोटला. परदेशी व्यापार पाहणाऱ्या ऑलुफ मिक्केलसन या गृहस्थाने स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांसाठी मोठ्या संख्येने यंत्रे मागवली. ओल ज्या देशातून लहानपणी बाहेर पडला, त्याच बाजूच्या किनाऱ्यांवर त्याचे यंत्र जाऊन पोचले. १९१२ सालापर्यंत कारखान्यात सुमारे ३०० कामगार झाले. पण या धावपळीत बेसची प्रकृती ढासळली. तेव्हा ओलने काय केले? भर बहरातला धंदा त्याने आपला भागीदार ख्रिस मायर याला विकून टाकला. पाच वर्षे या धंद्यात उतरायचे नाही, अशी अट होती. तीही त्याने मान्य केली आणि बायको व मुलगा राल्फ यांना घेऊन तो देशभर हिंडला. यशाच्या शिखरावरून असे खाली उतरणारी माणसे थोडीच.

ती पाच वर्षे त्याचे डोके मात्र रिकामे नव्हते. ॲल्युमिनियम वापरून त्याने दोन सिलिंडरचे, तीन अश्वशक्तीच्या आसपासचे आणि तरीही आधीच्याहून हलके यंत्र आखले. सरळ मनाने तो ते आधी मायरकडेच घेऊन गेला. मायरने नकार दिला. मग पती-पत्नींनी नवा कारखाना काढला. जुन्या नावावर आता हक्क नव्हता, म्हणून बेसने चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून एल्टो हे नाव केले. १९२१ पासून एल्टो बाजारात आले आणि त्याने जुन्या एव्हिनरूडला मागे टाकले.

पण यानंतर खेळाचे रूप बदलले. जॉन्सन बंधूंची हलकी यंत्रे आली, शर्यती सुरू झाल्या, आणि जो तो अश्वशक्ती वाढवू लागला. एल्टोनेही १९२८ साली चार सिलिंडरचे १८ अश्वशक्तीचे यंत्र काढले. दीडपासून अठरापर्यंतचा हा प्रवास वीस वर्षांच्या आत झाला. आता गिऱ्हाइकापुढे नवा प्रश्न उभा राहिला : आपल्या होडीला नक्की केवढे यंत्र लावावे? अतिमोठे यंत्र लावून होड्या उलटू लागल्या, तर अतिलहान यंत्र वाऱ्यापुढे हतबल होऊ लागले. अमेरिकेने १९७१ साली कायदा केला, आणि त्यानंतर वीस फुटांच्या आतल्या होड्यांवर जास्तीत जास्त किती माणसे आणि किती अश्वशक्ती, याची पट्टी लावणे बंधनकारक झाले. त्यासाठीचे गणित सोपे आहे. होडीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी फुटांत मोजून गुणाकार करायचा. समजा १४ आणि ४ फूट, तर ५६. हाताने सुकाणू धरायच्या साध्या होडीला या आकड्याच्या ०.८ पट करून त्यातून २५ वजा करतात. उत्तर जवळजवळ २० अश्वशक्ती येते. तळ सपाट आणि कडा धारदार असतील तर निम्मे करून १५ वजा. मग उत्तर १३, म्हणजे जवळच्या पाचाच्या पटीत १५.

हे गणित मला कामाला आले ते आमच्या घरी. आबाकाकांनी होडीला मशीन घ्यायचे ठरवले, तेव्हा पैसा कर्जाचा होता. विक्रेता पंचवीसच्या खाली उतरायला तयार नव्हता, आणि मोठे घेतले म्हणजे कायमची चिंता मिटली, असेच बंदरावरचे मत होते. मी वही घेऊन काकांशेजारी बसले. वरची पट्टी ही कमाल मर्यादा सांगते. गरज किती, ते सांगत नाही. हलकी, रुंद होडी वेग आला की पाण्यावर उचलली जाते. आमची होडी लाकडी, जड. जाळे, बर्फ आणि चार माणसे घेऊन ती पाणी कापतच जाणार. अशा होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकणारी लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे. उत्तर सागरी मैलांत मिळते. आमचे १६ फूट, वर्गमूळ ४, वेग सुमारे साडेपाच सागरी मैल, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे कितीही शक्ती ओतली तरी ती लाटा उठवण्यात जाते, मागची बाजू खाली बसते आणि नाळ वर उचलते. दहाचे यंत्र पूर्ण वेगाने तासाला साधारण चार लिटर इंधन पिते. पंचवीसचे नऊ-दहा लिटर. शिवाय त्याचे वजन पंधरा-वीस किलोंनी जास्त, आणि तेही नेमके मागच्या टोकाला.

काकांनी मात्र एक मुद्दा काढला, जो माझ्या वहीत नव्हता. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी पाणी जोराने बाहेर ओढते आणि समोरून वारा असतो. तिथे यंत्र कमी पडले तर होडी आडवी होते. म्हणून पाच-सहाचे यंत्र गणितात भागत असले तरी त्यांनी दहाच धरले, आणि पंखा घेतला तो वेगाचा नव्हे, ओझे ओढणारा, कमी पिळाचा. दांड्याची लांबीही त्यांनी फळीवर टेप लावून पाहिली. दांडा आखूड पडला तर पंखा लाटेवर हवा खातो, लांब झाला तर नुसता पाण्यात अडतो. आज दोन हंगाम झाले. होडी रोज जाते आणि रोज येते. इंधनात वाचलेल्या पैशांतून हप्ते वेळेवर गेले, आणि माझी यंदाची फीसुद्धा.

ओलच्या चरित्राचा शेवट थोडक्यात सांगते. १९२९ साली त्याचा एल्टो, जुना एव्हिनरूड आणि लॉकवुड हे तीन कारखाने एकत्र आले, आणि ओल त्या नव्या कंपनीचा अध्यक्ष झाला. स्वतःचे विकलेले नाव त्याला असे परत मिळाले. पण त्याच वर्षी मंदी कोसळली. १९३३ साली बेस गेली आणि पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी ओलही गेला. राल्फने कारभार हाती घेतला आणि १९३६ साली जॉन्सनशी जुळवून घेतले. ती मोठी कंपनी २००० साली दिवाळखोरीत निघाली. दुसऱ्यांच्या हाती गेलेले एव्हिनरूड हे नाव आणखी वीस वर्षे टिकले, आणि २०२० साली त्या नावाच्या यंत्रांचे उत्पादनही थांबले.

नाव गेले, पण रचना राहिली. जगातल्या कितीतरी बंदरांवर आज वेगवेगळ्या नावांची यंत्रे दोरी ओढून सुरू होतात. त्या सगळ्यांत उभा दांडा आणि खालचा पंखा ओलचाच आहे. ज्याला शाळा लाभली नाही असा कारागीर आणि जिने त्याची पत्रे लिहिली अशी त्याची पत्नी, या दोघांनी मिळून वल्ही मारणाऱ्याच्या खांद्यावरचे ओझे उतरवले. मला त्यांच्या चरित्रातून एवढे समजले की, आपली होडी केवढी, ओझे किती आणि वाटेत पाणी कसे आहे हे आधी मोजावे, आणि शक्ती मागून मागावी. आपल्यापैकी कितीजण पदवीनंतर कोणता मार्ग धरावा या विचारात आहेत. त्यांनाही हे माप कदाचित उपयोगी पडेल.