चित्रकार वासुदेव गायतोंडे : रंगातले ध्यान

आपले कोल्हापूर म्हणजे कलानगरी. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठावर निसर्ग रंगवला. त्यांच्या चित्रात झाड दिसते, पाणी दिसते. पण झाड नाही, पाणी नाही, तरीही निसर्ग भेटतो अशी चित्रे काढणारा एक मराठी माणूस होऊन गेला. त्यांची ओळख आपल्या वस्तीतल्या घराघरात व्हावी, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूरला झाला. पुढे १९५६ साली बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, तेच हे शहर. घराणे मूळचे गोव्याचे, वाढले मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८ साली जे. जे. कला महाविद्यालयाची पदविका घेतली. सुरुवातीला ते माणसांची चित्रे काढत. हळूहळू आकार गळत गेले आणि रंग व प्रकाश तेवढा उरला. १९५७ साली टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. मुंबईत ते समुद्राकाठच्या भुलाभाई देसाई संस्थेत काम करीत.

त्यांच्यावर झेन विचाराचा मोठा प्रभाव होता. झेन म्हणजे परकं काही नव्हे. पालीतले ‘झान’ म्हणजे ध्यान. तोच शब्द चीनमध्ये ‘चान’ झाला आणि जपानात ‘झेन’. गायतोंडे रूढ अर्थाने बौद्ध नव्हते. पण ध्यान त्यांनी रंगात उतरवले. आधी खूप वेळ नुसते बसायचे, बघायचे. आतून उमगले की मग रोलर आणि सुरीने रंगावर रंग चढवायचे, काही खरवडून काढायचे. वर्षाला मोजकीच चित्रे व्हायची. अनेक चित्रांच्या पाठीमागे सही असायची, तीही देवनागरीत.

१९६४ साली शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७१ ला पद्मश्री मिळाली. पुढे दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या लहानशा जागेत एकटेच राहिले. १९८४ च्या अपघाताने मोठी चित्रे थांबली, तेव्हा कागदावर लहान लहान चित्रे केली. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ साली त्यांचे एक चित्र २३ कोटींच्या वर विकले गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाईम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. हे बघायला ते नव्हते.

आम्ही गिरणी कामगार. आमचा दिवस किती माल निघाला यावर मोजला जातो. बसून राहिलेला माणूस आळशी, हेच आम्ही शिकलो. असली चित्रे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असेही आम्हाला वाटायचे. गायतोंडे यांचे जीवन वाचल्यावर कळले, की त्यांचे बसणे हेसुद्धा कष्टच होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पोरगं रंकाळ्याच्या काठावर पाण्याकडे बघत बसलं, तर लगेच हाक मारू नका. थोडा वेळ बसू द्या.

जयभीम!