तंबूतील रात्री : कर्नल मेडोज टेलर यांचे चरित्र

दिवसा जे रान आपणांस सवंगड्यासारखे वाटते, तेच दिवस मावळल्यावर परके होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेचे बालवीर पथक बिदरच्या पठारावर दोन रात्रींच्या मुक्कामास गेले होते. दिवसभर आम्ही जांभ्या दगडाच्या त्या लाल माळावर मनसोक्त हुंदडलो. रात्री मात्र लांबवर कोल्हेकुई सुरू झाली, वाऱ्याने राहुटीचे कापड फडफडू लागले आणि आमच्यांतील भलेभले गडी पांघरूण डोक्यावरून ओढून स्वस्थ पडून राहिले. झोप मात्र कोणासच आली नाही. सकाळी प्रत्येक जण दुसऱ्याच्या भित्रेपणाची थट्टा करू लागला, तेव्हा गुरुजींनी आम्हांला शांत केले आणि याच मुलखात वर्षानुवर्षे तंबूत राहिलेल्या एका माणसाची कथा सांगितली. परत आल्यावर आम्ही त्याच्याविषयी अधिक वाचले. तेच हे चरित्र.

फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी इंग्लंडातील लिव्हरपूल शहरी झाला. वडील व्यापारी होते. पण व्यापारात खोट आली आणि मुलास लहानपणीच मिळवते होणे भाग पडले. १८२४ साली, वयाची सोळा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, हा मुलगा आईबापांचा निरोप घेऊन जहाजाने मुंबईस आला. ज्या व्यापाऱ्याच्या पेढीवर त्याला पुढे भागीदारी मिळायची होती, त्या पेढीची स्थिती सांगितल्याप्रमाणे नव्हती. परक्या देशात आशेचा पहिला आधारच असा निसटला. सुदैवाने एका आप्ताच्या खटपटीने त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो मुंबईहून घाट चढून औरंगाबादेस रुजू झाला. आपल्यांपैकी कित्येक जण त्या वयात शालान्त परीक्षेच्या अभ्यासाला बसलेले असतात, हे येथे लक्षात घ्यावे.

फौजेत आल्यावर त्या मुलाने पहिले काम कोणते केले असेल, तर ते भाषा शिकण्याचे. हिंदुस्थानी भाषा त्याने लवकरच हस्तगत केली. पुढे फारसी व मराठीशीही परिचय वाढविला. या भाषाज्ञानामुळे वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्याकडे हैदराबादच्या पश्चिमेकडील मुलखाच्या पोलीस बंदोबस्ताचे काम सोपविण्यात आले. तेथून त्याच्या तंबूतील आयुष्याला खरा आरंभ झाला. त्या काळी या मुलखात आगगाडी नव्हती, पक्क्या सडका नव्हत्या, तारायंत्र नव्हते. अंमलदाराचे घर म्हणजे तंबू. आज या गावच्या आमराईत, तर उद्या दुसऱ्या गावच्या तळ्याकाठी. बरोबर शिपाई, फरास, घोडेवाले असत. म्हणजे तो मुक्काम अगदी निर्मनुष्य नव्हे. परंतु ज्याच्याशी आपल्या आईच्या भाषेत चार शब्द बोलावेत, असे मनुष्य मात्र कित्येक दिवस भेटत नसे. दिवा मालवल्यावर तरुण टेलर एकटाच उरे.

हे एकटेपण केवळ मनाचे नव्हते, खरोखर भय बाळगण्याजोगा तो काळ होता. दरोडेखोरांच्या टोळ्या फिरत. शिवाय वाटेवर प्रवासी नाहीसे होत आणि त्यांचा मागमूस लागत नसे. पोलीस अधिकारी या नात्याने टेलर यांना या प्रकारांचा संशय येऊ लागला होता. पण १८२९ मध्ये निजामाच्या मुलखातील इंग्रज अंमलदारांचा हा कारभारच बंद झाला आणि त्यांना पलटणीत परत जावे लागले. पुढे उत्तरेकडे कर्नल स्लीमन यांनी ठगांची टोळकी पकडण्याचा उद्योग आरंभला, तेव्हा हैदराबादेकडील माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या घेण्याच्या कामात टेलरही सामील झाले. या जबान्यांतून जे बाहेर आले ते विचार करण्यासारखे आहे. ठग हे काळोखातून झडप घालणारे अक्राळविक्राळ लोक नव्हते. ते सभ्य वेषात वाटसरूंना गाठत, गोड बोलत, वाटेत सोबत करण्याचे आश्वासन देत, दिवसचे दिवस एकत्र जेवत, आणि संधी साधून गळ्याभोवती रुमाल आवळीत. म्हणजे रानाला व अंधाराला भिऊन ज्या सोबतीचा आधार वाटसरूने घेतला, ती सोबतच त्याचा काळ ठरे. भय वाटते एकीकडे आणि खरा धोका असतो दुसरीकडे, हा धडा त्या जबान्यांवरून कोणीही घ्यावा. या माहितीवर टेलर यांनी लिहिलेली, अमीर अली नावाच्या ठगाची कादंबरी १८३९ साली लंडनला प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. ठगांची संख्या व त्यांचे संघटन यांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगविलेले चित्र कितपत खरे, याबद्दल आजचे इतिहासकार शंका घेतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. माफीच्या आशेने दिलेली जबानी तपासूनच घ्यावी लागते.

१८४० नंतर टेलर यांची नेमणूक शोरापूर संस्थानात झाली. हेच आजचे सुरपूर. ते पूर्वी गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात होते आणि २००९ च्या अखेरीस यादगीर जिल्हा निराळा झाल्यापासून त्यात मोडते. राजे कृष्णप्पा नायक १८४२ मध्ये वारले होते, गादीचा वारस व्यंकटप्पा नायक अल्पवयी होता आणि राणी ईश्वरम्मा व दरबारी मंडळी यांच्यात तंटे चालले होते. बेडर समाजाचे हजारो हत्यारबंद लोक त्या डोंगराळ मुलखात होते. ते शूर होते, स्वाभिमानी होते आणि बाहेरून आलेल्या साहेबावर विश्वास ठेवण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. अशा ठिकाणी टेलर यांनी थोड्याशा माणसांनिशी तंबू ठोकले. रात्री आसपासच्या टेकड्यांवर माणसे जमत असताना तंबूत शांतपणे निजणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण त्यांनी शक्य तेथवर फौज बोलाविली नाही. लोकांना भेटावे, त्यांचे म्हणणे त्यांच्या समक्ष ऐकावे, दिलेला शब्द पाळावा, हा मार्ग त्यांनी धरला. अनोळखी माणसाचे भय ओळखीनेच जाते. हळूहळू तेच बेडर त्यांचे सोबती झाले. टेलर यांनी तेथे जमिनीचा सारा ठरवून दिला, रस्ते बांधले, बोनाळच्या जुन्या तळ्याचा विस्तार केला. हे तळे आज पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून प्रसिद्ध आहे. सुरपूरच्या टेकडीवरील त्यांचे निवासस्थान टेलर मंझिल या नावाने ओळखले जाते.

याच मुलखातील एका रात्रीची हकीकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केली आहे. त्यांची पत्नी वारली होती. विलायतेत एक स्त्री होती, जिच्याविषयी पूर्वी त्यांच्या मनात ओढ होती. एके दिवशी मक्तलहून लांबची मजल मारून ते एका खेड्यापाशी मुक्कामास आले. अंग थकव्याने आंबले होते, उकाडा होता, गावची कुत्री भुंकत होती, कोल्हे ओरडत होते, झोप येईना. तंबूचे दार उघडे होते आणि बाहेर चांदणे पडले होते. एकाएकी त्यांना ती स्त्री शुभ्र वस्त्रांत दारापाशी उभी दिसली. तिचा चेहरा म्लान होता, हात पुढे पसरलेले होते, आणि आपल्याला जाऊ देऊ नका अशी ती विनवीत आहे असे त्यांना वाटले. ते तसेच अनवाणी धावले. आकृती मागे मागे सरत विरून गेली. पहारेकरी चकित होऊन पाहत राहिला. त्याच्याशी काही न बोलता ते तंबूत परतले. पुढे त्यांनी ही गोष्ट वडिलांना पत्राने कळविली. उत्तर आले की, त्याच दिवशी त्या स्त्रीचे लग्न झाले होते.

याला कोणी साक्षात्कार म्हणेल, कोणी योगायोग. आज शरीरशास्त्र असे सांगते की, अतिशय थकलेल्या माणसाला जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर आकृती दिसू शकतात, आवाज ऐकू येऊ शकतात. आणि मनात जे खोल दडलेले असते, तेच बहुधा रूप घेऊन पुढे येते. पत्राचे उत्तर मात्र या स्पष्टीकरणाने पुरते उलगडत नाही. पण आम्हांला या हकीकतीत विशेष वाटले ते निराळेच. टेलर यांनी ती गोष्ट लपविली नाही आणि तिचे स्तोमही माजविले नाही. थकवा, उकाडा, कुत्र्यांचे भुंकणे, चांदणे, या साऱ्या गोष्टी त्यांनी साक्षीदाराची जबानी टिपावी तशा टिपल्या आणि विचारायचे ते योग्य माणसाला विचारले. दुसऱ्यांची भये तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे दुःखही तसेच तपासले.

अशा माणसाला प्राचीन थडग्यांचे भय कसे वाटावे? भीमेच्या काठी फिरोजाबादजवळच्या जेवर्गीच्या परिसरात आणि सुरपूरकडे रजनकोळूर येथे मोठमोठ्या शिळांची दफनस्थाने आहेत. अशा जागी रात्री फिरकू नये, असा समज आपल्याकडे सर्वत्र असतो. टेलर यांनी त्या शिळांची मापे घेतली, काही जागा खणून आतील सांगाडे, मडकी व लोखंडी वस्तू पाहिल्या, चित्रे काढली. जेवर्गी येथील अवशेषांवरील त्यांचा लेख १८५१ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. युरोपातील अशाच दफनस्थानांशी यांचे साम्य आहे, हे त्यांनी दाखविले. दक्षिणेतील महापाषाणयुगाच्या अभ्यासात या कामाचा आजही उल्लेख होतो. ज्या ठिकाणी भुते असावीत असे वाटते, तेथे माणसाचा हजारो वर्षांचा इतिहास सापडला.

१८५३ साली शोरापूरचा कारभार वयात आलेल्या राजाच्या हाती देऊन टेलर नळदुर्ग जिल्ह्यावर गेले. तेथे मराठी मुलूख, तुळजापूरचे देवस्थान आणि बोरी नदीवरचा तो भव्य किल्ला. तुळजापूरच्या वास्तव्यातून पुढे त्यांची तारा ही कादंबरी निघाली. मेडोज या नावाचा महादेव होऊन लोक त्यांना महादेव बाबा म्हणू लागले.

परंतु सर्व भये ओळखीने व धीराने दूर होतात असे नाही. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत टेलर यांना वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. इकडे तरुण राजा व्यंकटप्पा नायकाने १८५८ च्या आरंभी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पराभव झाला, राजा हैदराबादेस पकडला गेला. ज्या मुलाला टेलर यांनी वाढताना पाहिले, जो त्यांना अप्पा म्हणून हाक मारी, तो आता कैदी होता. टेलर त्याला तुरुंगात जाऊन भेटले. देहान्ताची शिक्षा कमी होऊन कैद ठरली. पण मद्रासकडे नेले जात असता त्याच वर्षी गोळी लागून राजाचा अंत झाला. ती त्याने स्वतःच झाडून घेतली अशी इंग्रजी दप्तरातील नोंद आहे. आज सुरपूरचे लोक व्यंकटप्पा नायकाला स्वातंत्र्यवीर म्हणून वंदन करतात, आणि ते योग्यच आहे. टेलर मनाने कितीही भले असले तरी ते परक्या सत्तेचे चाकर होते. त्या सत्तेपुढे त्यांची माया दुबळी ठरली.

१८६० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ते नोकरी सोडून विलायतेस गेले. त्यानंतर १६५७, १७५७ व १८५७ या शंभर शंभर वर्षांच्या अंतराने आलेल्या काळांवर त्यांनी तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि शेवटी आत्मचरित्र लिहिले. ते त्यांच्या कन्येने १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. उतारवयात दृष्टी मंदावली तेव्हा ते पुन्हा एकदा हैदराबादेस येऊन गेले. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मेंटन गावी १३ मे १८७६ रोजी त्यांचे निधन झाले.

गुरुजींची गोष्ट संपली तेव्हा आमच्या मुक्कामाची दुसरी रात्र सुरू झाली होती. त्यांनी आम्हांला कंदील मालवून राहुटीबाहेर बसविले आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईतो थांबण्यास सांगितले. त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. हळूहळू माळ दिसू लागला. जे दबा धरून बसलेले जनावर वाटत होते ते करवंदीचे झुडूप निघाले. कोल्हे ओरडतच होते. पण ते आपल्या सोबत्यांना साद घालीत आहेत, आम्हांला नव्हे, हे आता कळत होते. भय पुरते गेले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या रात्री कोणीही डोक्यावरून पांघरूण ओढले नाही.