पासचा गुरू : चो दिन

बालमित्रांनो, आपल्यापैकी कितीतरी जण शनिवारी सकाळी फुटबॉल खेळून घामाघूम होऊन मराठीच्या वर्गाला येतात. आज जपानचा संघ छोट्या, भराभर दिलेल्या पासांसाठी ओळखला जातो. हा खेळ जपानला शिकवणारा एक विद्यार्थी होता आणि तो आपल्या शेजारच्या ब्रह्मदेशातून आला होता. त्यांचे नाव चो दिन.

चो दिन यांचा जन्म १९०० साली झाला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. लोकमान्य टिळकांना १९०८ ते १९१४ या काळात ज्या मंडालेच्या तुरुंगात ठेवले होते, ते मंडाले याच देशातले. इंग्रजांच्या राज्यामुळे तेथील मुले फुटबॉल खेळत. पुढे चो दिन तांत्रिक शिक्षणासाठी तोक्योच्या कुरामाए भागातील उच्च तंत्रविद्यालयात दाखल झाले.

त्या वेळी जपानचा फुटबॉल कच्चा होता. १९१७ साली तोक्योत जपान चीनकडून ५-० आणि फिलिपीन्सकडून १५-२ असा हरला होता. चेंडू जोराने लांब लाथाडायचा आणि त्यामागे धावत सुटायचे, एवढेच बहुतेकांना ठाऊक होते. चो दिन यांनी वासेदाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली. चेंडूला पाय कसा लागला की तो कोठे जातो, हे ते कारणासह समजावून सांगत. जवळच्या गड्याला छोटा पास द्यायचा आणि आपण मोकळ्या जागेत जायचे, ही त्यांची शिकवण. वासेदाच्या मुलांनी १९२३ आणि १९२४ अशी दोन वर्षे उच्च विद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

ऑगस्ट १९२३ मध्ये चो दिन यांचे फुटबॉलवरील पुस्तक जपानी भाषेत निघाले. पण काही दिवसांतच, १ सप्टेंबरला दुपारी बाराच्या सुमारास महाभयंकर भूकंप झाला. त्यात आणि नंतरच्या आगीत एक लाखाहून अधिक माणसे दगावली. चो दिन यांचे विद्यालयही बेचिराख झाले. परक्या देशात शिक्षण अर्ध्यावर थांबले! दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. चो दिन मात्र गावोगावच्या शाळांत जाऊन फुटबॉल शिकवू लागले. जी विद्या एका शाळेपुरती होती, ती देशभर पसरली. त्यानंतर ते मायदेशी परतले.

त्यांनी पेरलेले बी उगवले. त्यांच्याकडे शिकलेले सुझुकी शिगेयोशी पुढे जपानच्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९३० साली जपानने चीनशी ३-३ अशी बरोबरी करून पूर्व आशियाई स्पर्धेचे विजेतेपद चीनसोबत वाटून घेतले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मध्यंतराला ०-२ ने मागे असलेल्या जपानने बलाढ्य स्वीडनला ३-२ असे हरवले. चो दिन यांच्या पुढील आयुष्याविषयी जपानमध्ये फार थोडे लिहिले गेले. तरीही जपान त्यांना विसरला नाही. २००७ साली जपानी फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांना स्थान मिळाले.

पास देण्याचा एक सोपा सराव आपणही करून पाहू. तिघांनी दहा-दहा पावलांवर त्रिकोणात उभे राहावे. पहिल्याने दुसऱ्याला पास देऊन लगेच गोलकडे धावावे. दुसऱ्याने चेंडू न अडवता एकाच स्पर्शात तिसऱ्याकडे द्यावा. तिसऱ्याने तो धावणाऱ्याच्या पायात न देता त्याच्या पुढे, मोकळ्या जागेत द्यावा. धावणाऱ्याने मान वर करून गोलकीपर पाहावा आणि पायाच्या आतल्या कडेने चेंडू कोपऱ्यात मारावा. मग जागा बदलाव्यात. नुसता जोर कामाचा नाही, नेम हवा.

मित्रांनो, गोल करणाऱ्याचे नाव फळ्यावर लागते, पास देणाऱ्याचे बहुधा लागत नाही. चो दिन यांनी आपल्याजवळचे ज्ञान असेच पुढे दिले. पुढच्या शनिवारी गोल झाला, की आधी पास देणाऱ्याची पाठ थोपटायला विसरू नका!