श्रीगोविंदप्रभू : पोरक्या बाळपणातून नगरीचे मायबाप

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवालयात रामदेवराव यादवाच्या काळचे मराठी शिलालेख आहेत. देवताभक्ती हा आपला विषय नव्हे; परंतु हे लेख ज्या काळाची साक्ष देतात, त्याच काळात आपल्या मार्गाचे आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाले. वेळापूरहून माळशिरसमार्गे फलटणास गेले की श्रीचक्रपाणिप्रभूंचे अवतारस्थान लागते. त्यांच्यापासून ज्ञानशक्ती स्वीकारणारे श्रीगोविंदप्रभू यांच्या बाळपणाचे चिंतन प्रस्तुत लेखात योजिले आहे. मुलाच्या वाढीत वडीलधाऱ्यांचा वाटा काय, या प्रश्नावर त्यांचे चरित्र मोठा प्रकाश टाकते.

वऱ्हाडात ऋद्धिपुराजवळील काटसुरे या गावी, शके ११०९ (इ. स. ११८७) च्या सुमारास, काण्वशाखीय ब्राह्मण कुळात श्रीप्रभूंचा जन्म झाला. पिता अनंतनायक आणि माता नेमाइसा. लहानपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. तेव्हा मामा व मावशी यांनी त्यांना ऋद्धिपुरास आणिले, पालनपोषण केले, यथाकाळी व्रतबंध केला आणि बोपो उपाध्यायांकडे अध्ययनास बसविले.

चरित्रात हा भाग अल्पाक्षरी आहे; वाचक तो ओलांडून पुढील लीळांकडे धाव घेतो. परंतु क्षणभर थांबावे. पोरक्या मुलास अन्न देणारे पुष्कळ निघतात. अन्नाबरोबर घर देणे, संस्कार करणे आणि स्वतःच्या अपत्याप्रमाणे विद्येची सोय लावणे, हे थोड्यांच्याच हातून घडते. मामा-मावशीने हे तिन्ही केले.

येथे कोणी शंका घेईल की परमेश्वर अवताराला कोण घडविणार? शंका यथार्थ आहे. अवतारास संगोपनाची अपेक्षा नाही. परंतु मनुष्यवेष स्वीकारिला म्हणजे मनुष्याचे बाळपणही स्वीकारिले, आणि त्या बाळपणाच्या निमित्ताने दोन जीवांना सेवा घडली. संगोपनाची गरज श्रीप्रभूंना नव्हती. शिकवण आपल्यासाठी आहे. दाराशी आलेले पोरके मूल हे ओझे नसून सेवेची संधी आहे, हे त्या दोघांच्या आचरणातून उमगते.

पुढे श्रीप्रभूंनी कमलारण्यांपासून संन्यास घेतला. ऋद्धिपुरात त्यांची वागणूक लोकविलक्षण होती. ते पोरांच्या खेळात रमत, देवळातील मूर्तींशी बोलत, वाटेल त्या घरी जात, जातिभेद मानीत नसत. कित्येकांनी त्यांना वेडे ठरविले. तथापि अडलेल्या बाईच्या बाळंतपणास ते धावून गेले; मातंगांना पाणी नव्हते, तेव्हा त्यांच्यासाठी विहिरीची जागा दाखविली. म्हणून नगरीतील जन त्यांना आपली माय आणि आपला बाप मानू लागले. ज्यांना मायबाप अल्पकाळच लाभले, ते अवघ्या गावाचे मायबाप झाले!

याच ठिकाणी श्रीचक्रधरस्वामींनी त्यांच्यापासून ज्ञानशक्ती स्वीकारिली. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर नागदेवाचार्यादी भक्तजन पोरके झाले. स्वामींच्या आज्ञेनुसार ते ऋद्धिपुरास आले आणि श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. बालविधवा महदाइसा त्यांच्यातच होत्या. जगाने ज्या स्त्रीला मंगलकार्यापासून दूर ठेविले असते, तिच्याच मुखातून श्रीप्रभूंच्या विवाहाच्या आवडीनिमित्त धवळे प्रकट झाले, आणि मराठीला आद्य कवयित्री मिळाली. मायेने जवळ घेतलेले माणूस किती फुलते, याचे याहून थोर उदाहरण कोणते? श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर इ. स. १२८८ च्या सुमारास म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेविल्या, म्हणून हे सारे आपल्यास कळते.

यावरून वासनिकांनी इतके ध्यानात घ्यावे. मुलाचे पालनपोषण केवळ जन्मदात्यांचे काम नाही. मामा, मावशी, शेजारी व गुरुजन हे सारे त्याचे वाटेकरी आहेत. नात्यातील पोरक्या मुलाला उपकाराची आठवण देत वाढवू नये. जे मूल चारचौघांसारखे वागत नाही, त्याला वेडे म्हणण्याची घाई करू नये. साधूंनीही मठात आलेल्या बालकास आधी माया द्यावी, मग नियम सांगावे. आधी जवळ घेतलेल्यालाच पुढे शिकविता येते, हे ऋद्धिपूरच्या लीळांचे मर्म आहे.

दंडवत प्रणाम.