स्टेप चुकली? का चुकली ते सांग!

लहानपणी डान्स क्लासला गेला असाल तर आठवून बघा. गॅदरिंग तोंडावर आलं की महिनाभर एकच गाणं घोटायचं. पाय कुठे टाकायचा ते कळायचं, तिथेच का टाकायचा हे सांगायला वेळ कुणाला? (माझी ती गाणी अजून पाठ आहेत. नाच मात्र येत नाही.)

म्हणून तुम्हाला अग्रिपिना वागानोवा माहीत असायला हवी. जन्म १८७९, सेंट पीटर्सबर्ग. वडील मारिन्स्की थिएटरमध्ये साधे कर्मचारी, प्रेक्षकांना जागा दाखवणारे. मुलगी इम्पिरियल बॅले स्कूलमध्ये शिकली आणि १८९७ मध्ये मारिन्स्कीच्याच कंपनीत लागली. उड्या जबरदस्त, पण मोठ्या भूमिका मिळेनात. रूप नायिकेचं नाही आणि मारियस पेटिपासारख्या दिग्गजालाही तिचं काम फारसं रुचायचं नाही. बॅलेरिना हा किताब मिळाला थेट १९१५ मध्ये, तब्बल १८ वर्षांनी. पुढच्याच वर्षी निवृत्ती!

इतकी वर्षं मागे राहिलेला माणूस कडवट होतो. ही मात्र स्वतःचंच शरीर तपासत बसली. आपल्याला शिकवलं त्यात काय राहून गेलं? पाठ ताठ नसेल तर गिरकी का कोलमडते? उडीत हात नेमकी काय मदत करतात?

मग क्रांती झाली. नवरा गेला, हातात पैसा नाही. पोटासाठी तिने सिनेमागृहांतही नाच केला. १९२१ मध्ये ती आपल्या जुन्या शाळेत शिकवायला लागली आणि तेच प्रश्न वर्गात आणले. पाय, हात, डोकं, पाठ, सगळं एकत्र शिकवायचं. स्टेप नुसती करून भागायचं नाही, चुकली तर का चुकली हे विद्यार्थिनीनेच शोधायचं.

रिझल्टचं काय म्हणाल, तर तेही आले. १९२५ मध्ये मरीना सेम्योनोवा, १९२८ मध्ये गालिना उलानोवा तिच्या वर्गातून बाहेर पडल्या. दोघी जगप्रसिद्ध. तिचं पुस्तक १९३४ मध्ये आलं आणि पुढे अनेक भाषांत गेलं. १९५१ मध्ये ती वारली. १९५७ पासून शाळेला तिचं नाव आहे.

तिच्या पद्धतीचा अभ्यासक्रम आठ वर्षांचा. दहाएक वर्षांची पोरं पहिल्या वर्षी दोन्ही हातांनी बार धरून, भिंतीकडे तोंड करून उभी राहतात आणि एकच पाय सावकाश बाजूला सरकवतात. परत आत. परत बाजूला.