सुभाषबाबूंचा चष्मा

मुलांनो, तुमच्यापैकी काहींना फौजेत जायचे आहे, हे मला ठाऊक आहे. दरवर्षी शाळेच्या पहिल्या दिवशी मी वर्गात विचारतो आणि पाच-सहा हात वर होतातच. काही वर्षांपूर्वी असाच हात वर करणारा एक विद्यार्थी पुढे भरतीला गेला. धावण्यात तो पास झाला. उंची भरली, छाती भरली. शेवटी डॉक्टरांनी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे वाचायला सांगितली आणि तिथे तो अडला. संध्याकाळी तो माझ्या घरी आला. चहा थंड झाला तरी त्याने कप उचलला नाही. आता काय करू, एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

मी त्याला उपदेश केला नाही. मी स्वतःच जाड भिंगांचा चष्मा लावतो. मी काय उपदेश करणार? त्या संध्याकाळी मी त्याला सुभाषचंद्र बोस यांच्या तरुणपणाची हकिकत सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

सुभाषचंद्रांचा जन्म २३ जानेवारी १८९७ रोजी ओरिसातील कटक या शहरात झाला. वडील जानकीनाथ नामांकित वकील होते. आई प्रभावती. चौदा भावंडांत सुभाष नववे. अभ्यासात ते फार हुशार होते. १९१३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते कलकत्ता विद्यापीठात दुसरे आले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. या शहराला आज आपण कोलकाता म्हणतो.

इथपर्यंत सगळे सरळ चालले होते. पण १९१६ च्या फेब्रुवारीत कॉलेजात एक प्रकरण घडले. ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना धक्काबुक्की केल्याची तक्रार होती. चिडलेल्या विद्यार्थ्यांनी त्या प्राध्यापकाला मारहाण केली. सुभाषबाबू विद्यार्थ्यांचे पुढारी मानले जात. त्यांनी कोणाचे नाव सांगितले नाही. त्यांना कॉलेजातून काढून टाकण्यात आले आणि दुसऱ्या कॉलेजात शिकण्याची वाटही बंद झाली.

तुम्ही स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहा. वय एकोणीस वर्षांचे. घरात वकिली आणि शिक्षणाची परंपरा. आणि विद्यापीठात दुसरा आलेला मुलगा कॉलेजातून काढलेला म्हणून गावी परत येतो. आईवडिलांनी त्यांना फारसे रागावले नाही, हे खरे. कटकमध्ये ते रिकामे बसले नाहीत. कॉलरा आणि देवीच्या साथीत ते रोग्यांची सेवा करू लागले. पण एका वर्षाहून अधिक काळ असाच गेला.

त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. इंग्रज सरकारने हिंदुस्थानातील काही लोकांना लढाऊ ठरवले होते आणि काहींना नाही. बंगाली माणूस लढाऊ नाही, असे ते धरून चालत. आपल्याकडे महारांची भरतीही त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती. महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण पुन्हा उभी राहिली आणि बंगाली तरुणांचीही ‘एकोणपन्नासावी बंगाली’ नावाची पलटण निघाली. सुभाषबाबूंनी तिच्यात जायचे ठरवले.

तुम्ही विचाराल, इंग्रजांचा राग येणारा मुलगा इंग्रजांच्या फौजेत कशाला गेला? प्रश्न बरोबर आहे. त्यांचे म्हणणे असे होते की, ज्या देशाच्या हाती लष्करी बळ नाही, त्याला स्वातंत्र्य मिळाले तरी ते टिकवता येणार नाही. बंदूक धरायला शिकायचे तर ती जिथे शिकवतात तिथेच जावे लागणार.

ते भरतीच्या कचेरीत गेले. तपासणीत सगळे ठीक निघाले, फक्त नजर कमी भरली. त्यांनी डॉक्टरांची खूप विनवणी केली. डॉक्टरांनी त्यांना शेवटच्या तपासणीसाठी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जायला सांगितले.  मनात आशा धरून सुभाषबाबू त्याच्याकडे गेले. बाकी सर्व तपासणीत ते पुन्हा उतरले. पण डोळ्यांतला दोष दिसताच अधिकाऱ्याने त्यांना नापास केले. ते अगदी खचून घरी परतले.

कॉलेजाने काढलेले, फौजेने नाकारलेले. वय वीस.

माझा विद्यार्थी इथे मान वर करून म्हणाला होता की, ते मोठे घरचे होते, त्यांना काय! त्याचे अगदीच चूक नव्हते. सुभाषबाबूंच्या पाठीशी पैसा होता, थोरले भाऊ शरदबाबू होते. तरीही दार उघडायला त्यांना स्वतःच जावे लागले. ते स्कॉटिश चर्च कॉलेजचे प्राचार्य अर्कहार्ट यांना जाऊन भेटले आणि तत्त्वज्ञान शिकण्याची इच्छा सांगितली. प्रेसिडेन्सी कॉलेजची हरकत नसल्याचे पत्र मिळवावे लागले. जुलै १९१७ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला.

आणि आता पाहा. थोड्याच दिवसांत विद्यापीठातील मुलांसाठी फौजी शिक्षणाची एक तुकडी निघाली. तिथे नजरेची तपासणी एवढी कडक नव्हती. सुभाषबाबू लगेच भरती झाले. चार महिने तंबूत राहणे, कवायत, नेमबाजी. एके दिवशी ही तुकडी रायफली घेण्यासाठी रांगेने किल्ल्यात गेली. हा किल्ला म्हणजे फोर्ट विल्यम. आपली हिरावून घेतलेली वस्तू परत मिळावी तसे त्यांना त्या वेळी वाटले. हे त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे.

१९१९ मध्ये ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले. वडिलांनी आय. सी. एस. च्या परीक्षेसाठी विलायतेला जायला सांगितले. अभ्यासाला फक्त आठ महिने मिळाले, तरी १९२० च्या परीक्षेत ते चौथे आले. हिंदुस्थानात त्याहून मोठी सरकारी नोकरी नव्हती. त्याच काळात केंब्रिजमध्ये त्यांना पुन्हा एक बंद दार दिसले. तिथल्या विद्यापीठाच्या फौजी तुकडीत हिंदी विद्यार्थ्यांना घेत नसत. त्याविरुद्ध हिंदी विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे घेऊन ते सरकारी मंत्र्यांकडे गेले. गाऱ्हाण्याचा उपयोग झाला नाही. या वेळी अडचण डोळ्यांची नव्हती, कातडीच्या रंगाची होती.

एप्रिल १९२१ मध्ये त्यांनी आय. सी. एस. सोडली. हे दार मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केले. १६ जुलैला ते मुंबईच्या बंदरावर उतरले आणि त्याच दिवशी मणिभवनात जाऊन गांधीजींना भेटले.

पुढची सतरा वर्षे मी थोडक्यात सांगतो. देशबंधू चित्तरंजन दास यांच्या हाताखाली काम, कलकत्ता महापालिकेचा कारभार आणि अनेकदा तुरुंगवास. ब्रह्मदेशातील मंडालेच्या ज्या तुरुंगात लोकमान्य टिळकांनी सहा वर्षे काढली होती, तिथे सुभाषबाबूही राहिले.

१९३८ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. इथे आपल्या सोलापूरचा संबंध येतो. जपानने चीनवर हल्ला केला होता. चीनला डॉक्टर हवे होते. सुभाषबाबूंनी लोकांना मदतीचे आवाहन केले आणि काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. डॉ. कोटणीस चीनमध्येच १९४२ साली वारले. त्यांचे स्मारक तुम्ही आपल्या गावात पाहिले असेल. डॉक्टरी तपासणीत फौजेने नाकारलेल्या माणसाने दुसऱ्या देशाच्या फौजेसाठी डॉक्टर पाठवले!

जानेवारी १९४१ मध्ये सुभाषबाबू घरातील नजरकैदेतून निसटले. शेरवानी, पायजमा, फेज टोपी आणि नाव महंमद झियाउद्दीन. विमा कंपनीचा एजंट म्हणून ते पेशावरपर्यंत गेले, मग काबूल, मग जर्मनी. १९४३ मध्ये पाणबुडीतून ते पूर्वेकडे निघाले, तेव्हा सोबत हैदराबादचे आबिद हसन होते.

सिंगापूरला आझाद हिंद फौज त्यांच्या हाती आली. तिची भाषा हिंदुस्तानी. तिचे ब्रीद तुम्हाला समजावून सांगायला नको: इत्तेहाद, एतमाद, कुर्बानी. लढाईचे शास्त्र शिकलेले अधिकारी तिथे होते. शाहनवाज खान होते, सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले होते. सुभाषबाबूंकडे फौजी शिक्षण होते ते कॉलेजातल्या चार महिन्यांचे. पण विखुरलेली माणसे गोळा करणे, पैसा उभा करणे, स्त्रियांची झाशीची राणी पलटण काढणे ही कामे दुसऱ्या कोणाला जमली नव्हती. त्यासाठी कोणी त्यांची नजर तपासली नाही.

१९४४ मध्ये ही फौज इंफाळ आणि कोहिमाच्या बाजूला लढली आणि हरली. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैवानमध्ये विमानाला अपघात होऊन सुभाषबाबूंचा मृत्यू झाला.

हकिकत संपली तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने विचारले की, फौजेत गेल्यावर तरी त्यांनी चष्मा काढला का? मी कपाटातले एक पुस्तक काढून त्याला सिंगापूरचे छायाचित्र दाखवले. तुम्हीही शाळेच्या ग्रंथालयात शोधा. अंगावर फौजी गणवेश आहे, डोक्यावर टोपी आहे आणि डोळ्यांवर गोल भिंगांचा चष्मा आहे.