महाराजांनाही बोट लागली होती

आमचे गाव अंतरवाली सराटी. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातले. 2023 सालच्या उपोषणानंतर हे नाव महाराष्ट्रभर झाले, पण समुद्राशी आमचा संबंध कधीच नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, जायकवाडीचा कालवा आणि जरा पुढे शहागडला गोदावरी. त्यामुळे गाडी लागणे आम्हाला ठाऊक, बोट लागणे नाही. मला दोन्ही लागतात, हे मात्र वयाच्या तिशीत मालवणच्या धक्क्यावर कळले.

तेव्हा मी शाळेत शिकवीत होतो. मुलांची सहल घेऊन गेलो होतो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा. दुपारची वेळ, वारा चढलेला, होड्या धक्क्याला बांधलेल्या असूनही वरखाली होत होत्या. नुसते त्यांच्याकडे पाहूनच माझ्या पोटात ढवळून आले. मी सहकाऱ्यांना सांगितले, की सामानापाशी कुणीतरी थांबायला हवे, तुम्ही पोरांना घेऊन जा. चाळीस पिशव्यांची राखण करीत मी किनाऱ्यावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच किल्ल्यावर धडा घेतला. महाराज कशालाच भीत नव्हते, असे मी पोरांना ठणकावून सांगत होतो आणि मनातल्या मनात मला स्वतःचीच लाज वाटत होती.

ही लाज पुढे बरीच वर्षे टिकली. ती कमी झाली एका जुन्या इतिहासग्रंथातल्या लहानशा उल्लेखाने. जेम्स ग्रँट डफ हा साताऱ्याच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट. त्याने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या एका सागरी मोहिमेची हकीकत दिली आहे. त्या प्रवासात महाराजांना समुद्र लागला आणि त्यांच्या प्रकृतीला त्रास झाला, असे तो नोंदवतो. ते वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.

मग ही मोहीम मुळापासून समजून घ्यावी असे वाटू लागले. महाराजांचा जन्म 1630 सालचा, शिवनेरीवरचा. म्हणजे जुन्नरच्या डोंगरात. बालपण पुण्यात आणि मावळात गेले. दऱ्या, घाट, घोडे हा त्यांचा संसार. समुद्र त्यांच्या वाट्याला आला तो 1657 च्या अखेरीस, कल्याण-भिवंडी ताब्यात आली तेव्हा. त्या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते, जंजिऱ्याचा सिद्दी होता, सुरतेला इंग्रज आणि डच होते. घाटावरचे राज्य कितीही मजबूत केले तरी किनारा दुसऱ्याच्या हाती असेल तर मीठ, व्यापार आणि कोकणातली रयत दुसऱ्याच्याच मर्जीवर राहणार, हे त्यांनी ओळखले. डोंगरात वाढलेल्या माणसाने वयाच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी गलबते बांधायला घेतली. पोर्तुगीज कारागीर कामाला लावले. पोर्तुगिजांनी ते परत बोलावून घेतले, तरी काम थांबले नाही. कोळी, भंडारी, खारवी, मुसलमान दर्यावर्दी, ज्यांना समुद्र कळत होता त्या सर्वांना त्यांनी जवळ केले. दर्यासारंग, मायनाक भंडारी, दौलतखान ही नावे त्यातूनच पुढे आली.

1664 च्या जानेवारीत सुरत लुटली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. पायाचे चिरे बसवताना शिसे ओतले गेले. हिरोजी इंदुलकरांनी ते बांधकाम उभे केले. किल्ला पुरा व्हायला सुमारे तीन वर्षे लागली. पण तो पुरा होण्याची वाट न पाहता 1665 च्या फेब्रुवारीत महाराज मालवणहून स्वतः गलबतावर चढले. बरोबर 85 लहान गलबते आणि 3 मोठी जहाजे होती, असे कारवारच्या इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहारावरून कळते. गोव्याचा पोर्तुगीज किनारा ओलांडून हे आरमार दक्षिणेला बसरूरला पोचले. आज हे गाव कर्नाटकातल्या उडुपी जिल्ह्यात आहे. तेव्हा ते बिदनूरच्या नायकांच्या राज्यातले श्रीमंत बंदर होते. अचानक आलेल्या आरमाराने बंदर गाठले आणि मोठी लूट मिळाली.

जाताना हे सारे ठीक होते, कारण या किनाऱ्यावर त्या दिवसांत वायव्येचा वारा असतो आणि तो दक्षिणेकडे जाणाऱ्या शिडाला साथ देतो. परत यायचे म्हणजे त्याच वाऱ्याच्या तोंडावर यायचे. डफच्या म्हणण्याप्रमाणे जोरदार वाऱ्याने तांडा दक्षिणेला ढकलला गेला आणि वायव्येच्या वाऱ्यामुळे परतीला बरेच दिवस लागले. शिडाचे जहाज असा वारा समोरून घेत नागमोडी पुढे सरकते. एकदा या बाजूला कलते, एकदा त्या बाजूला. ज्याला बोट लागते त्याला हे कलणेच सर्वांत वाईट. कानाच्या आतल्या भागाला शरीर हलत असल्याचे कळते, समोरची फळी मात्र डोळ्यांना स्थिर दिसते. हे दोन निरोप जुळत नाहीत म्हणून पोट ढवळते. यात शौर्याचा काही संबंध नाही. ट्रॅफलगरचा इंग्रज सेनापती नेल्सन जन्मभर समुद्रावर राहिला आणि त्यालाही बोट लागत असे. पाच वर्षे जगप्रवास करणाऱ्या डार्विनचीही तीच गत होती.

बसरूरहून महाराज गोकर्णला आले. महाशिवरात्रीला तिथे स्नान आणि महाबळेश्वराचे दर्शन घेतले. पुढे त्यांनी जो निर्णय घेतला तो मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत मोलाचा वाटतो. बहुतेक आरमार त्यांनी परत पाठवले आणि फक्त 12 गलबते जवळ ठेवली. बरोबर सुमारे 4000 पायदळ होते. ते घेऊन महाराज किनाऱ्याने जमिनीवरून उत्तरेकडे निघाले, अंकोल्याला आणि तिथून कारवारला. वाटेत मोठ्या नद्या आणि खाड्या आडव्या येतात. त्या उतरायला ही 12 गलबते.

यामागे बोट लागणे हेच कारण होते, असे मी म्हणणार नाही. किनाऱ्यावरच्या पेठांतून खंडणी घ्यायची होती, शत्रूचा मुलूख पाहून ठेवायचा होता. कारवारला विजापूरच्या शेरखानाशी गाठ पडली, गाव लुटण्याचा बेत सोडावा लागला. नजराणा घेऊन ते पुढे निघाले आणि त्या वसुलीत इंग्रजांनाही आपला वाटा द्यावा लागला. पण कारण कोणतेही असो, समुद्राला जिथे खरे काम आहे तिथेच समुद्र, बाकी वाट पायाखालची, असा तो हिशेब होता. माझ्यासारख्या माणसाला तो लगेच पटतो.

उशीरही महागात पडण्यासारखा होता. औरंगजेबाने पाठवलेला मिर्झाराजा जयसिंग 1665 च्या मार्चच्या आरंभी पुण्याला पोचला. महिनाअखेरीस पुरंदराला वेढा पडला. मुरारबाजी तिथेच पडले. जूनमध्ये तह होऊन 23 किल्ले द्यावे लागले. दुसऱ्या वर्षी आग्र्याची कैद आणि सुटका. या सर्व धामधुमीत महाराज पुन्हा कधी जातीने आरमारी मोहिमेवर गेले नाहीत. बसरूरची स्वारी पहिली आणि शेवटची ठरली.

आता पाहा, एखाद्याने अशा अनुभवानंतर समुद्राचे नावच टाकले असते. महाराजांनी स्वतः जाणे सोडले, आरमार सोडले नाही. सिंधुदुर्ग पुरा केला. विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग बळकट केले. जंजिरा हाती येईना तेव्हा त्याच्या समोर पद्मदुर्ग बांधला. 1674 साली राज्याभिषेक झाला. 1677 ची दक्षिणेतली मोठी मोहीम, गोवळकोंडा ते जिंजी, त्यांनी जमिनीवरून केली. आणि 1679 च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेटावर त्यांची माणसे तटबंदी घालू लागली. इंग्रजांची मोठी जहाजे आडवी आली. मायनाक भंडारी आणि दौलतखान लहान गलबतांनिशी त्यांना पुरून उरले आणि बेट मराठ्यांकडे राहिले.

खांदेरीचा तंटा चालू होता तेव्हा महाराज कुठे होते? 1679 च्या नोव्हेंबरात ते घोड्यावर होते, आमच्या जालन्याकडे निघालेले. जालन्याची श्रीमंत पेठ त्यांनी लुटली. परतताना मोगल फौजेने वाटेत गाठले. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. त्यानंतर पाचच महिन्यांत, 3 एप्रिल 1680 रोजी, रायगडावर ते गेले. म्हणजे त्यांच्या अखेरच्या स्वारीतली धूळ आमच्या जिल्ह्यातली होती आणि त्याच वेळी त्यांचे काम समुद्रावर दुसरे लोक करीत होते. जे आपल्याला जमत नाही ते जमणाऱ्याच्या हाती विश्वासाने देणे, हे त्यांना साधले होते. मला पिशव्यांपाशी बसून खोटे बोलावे लागले होते.

गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन पुन्हा मालवणला गेलो. तिलाही गाडी लागते. घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली. आपण महाराजांच्या किल्ल्यावर निघालोय आणि आपल्याला ओकाऱ्या होताहेत, याचे तिला फार वाईट वाटत होते. धक्क्यावर बसून मी तिला बसरूरची हकीकत सांगितली आणि चाळीस पिशव्यांचीही. दुसरी गोष्ट तिला जास्त आवडली.

दुपारी गेलो नाही. मुक्काम केला आणि सकाळच्या पहिल्या होडीने निघालो, कारण पहाटेपासून जमिनीकडून मतलई वारा असतो, पाणी निवांत असते. दुपारी खारा वारा चढला की लाटा वाढतात. रात्री हलके जेवलो. सकाळी कोरडा पाव आणि आल्याचा तुकडा. होडीवाल्याला आधीच सांगून ठेवले. त्याला त्यात काही नवल वाटले नाही. त्याने आम्हाला मधल्या फळीवर बसवले, कारण टोकाला हेलकावे जास्त बसतात. नजर मोबाईलवर नाही, समोरच्या तटावर ठेवायची असे ठरवले. औषधाची गोळी निघण्याआधी घ्यावी लागते, पोट ढवळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. ती डॉक्टरांना विचारून घेतली होती.

पाण्यातली वाट थोड्याच मिनिटांची. नात ठीक होती. मला अर्ध्यात घाम फुटला, तोंडाला पाणी सुटले, पण तट जवळ आला. किल्ल्यात राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या महाराजांच्या मूर्तीच्या डोक्यावर नेहमीचा जिरेटोप नाही, दर्यावर्दी लोकांच्या धाटणीची टोपी आहे. नात तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारले, की एवढा त्रास झाला तरी त्यांना ही टोपी कशी काय घातली. मी म्हटले, परतीच्या होडीला अजून अवकाश आहे, बस, सांगतो.